उद्धव गुरुजी आणि बेंगळुरूला गेलेलं पुण्य

कळमनुरीत उद्धव पांगरेकर गुरुजींकडं कुणी काही मागायला गेलं आणि रिकाम्या हातानं परतलं, असं सहसा घडत नाही. दर्भ मागा, जुनं पंचांग मागा, मुंजीसाठी पळी-पंचपात्र मागा. ते देतात आणि दिलेलं विसरूनही जातात. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं गोल, आवाज मात्र खणखणीत. ते मंत्र म्हणायला लागले की मागच्या गल्लीतल्या बायकांनाही कळतं, आज कुणाकडं पूजा आहे. मी त्यांच्या शेजारीच राहतो, त्यामुळं पुढची हकिकत मला काही डोळ्यांनी दिसली आणि बाकीची गुरुजींनी ओट्यावर बसून स्वतःच सांगितली.

देण्याच्या या सवयीतूनच गुरुजींच्या झोळीत पंचांगाशेजारी एक पेन ड्राइव्ह येऊन बसला.

आधी त्यांना एकेक पत्रिका हातानं मांडायला अख्खी दुपार लागायची. मग घरात कॉम्प्युटर आला. नांदेडच्या ज्या दुकानातून तो घेतला, तिथल्या माणसानं ‘तुमच्या कामाचं आहे गुरुजी’ म्हणून पत्रिका काढायचं एक सॉफ्टवेअर आपणहून टाकून दिलं. होतं ते विकतचं, पण कुणीतरी त्याचं कुलूप आधीच तोडून ठेवलेलं. जन्माची वेळ घाला, गाव घाला, की कुंडली, दशा, गुणमेलन सगळं छापून हातात. कीबोर्डवर बोटं चालायची ती नीलांबरीकाकूंची, म्हणजे गुरुजींच्या पत्नीची. गुरुजी मागं खुर्चीत बसून सांगायचे आणि पत्रिका बाहेर आली की दरवेळी नव्यानं खूश व्हायचे.

इतकी चांगली वस्तू आपल्या एकट्याकडं ठेवणं गुरुजींना जमलं नाही. त्यांनी पेन ड्राइव्ह घेतला आणि ज्या गावी पूजेला जातील तिथल्या गुरुजींना ते सॉफ्टवेअर वाटायला सुरुवात केली. बाळापूर, डोंगरकडा, शेंबाळपिंपरी, थेट पुसदपर्यंत त्यांचा प्रसाद पोचला. नांदेडच्या एका सभेत तर पाच-सहा तालुक्यांतल्या लोकांनी त्यांना शाल घातली. सत्काराचं कारण वेदसेवा असं लिहिलं होतं, पण खरं कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

मी एकदा विचारलं होतं, की गुरुजी, हे विकतचं असतंय ना? त्यावर त्यांच्याकडं उत्तरांची कमी नव्हती. आकाशातले ग्रह कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत, असं ते विचारायचे. शनी कुठं आहे हे सांगायचे कुणी पैसे घ्यावेत काय? शिवाय मी कुणाच्या घरातून तांब्या उचलून आणला नाही. ज्याचं होतं त्याच्यापाशी ते जसंच्या तसं आहे. मी मागितलंही नव्हतं, दुकानदारानं दिलं. आणि देवाच्या कामाला आहे, मी काय त्याच्यावर सिनेमे बघून राहिलो? शेवटी मांडीवर थाप मारून म्हणायचे, “ज्ञान अडवून ठेवायचं नसतं. आपल्या पूर्वजांनी अडवलं असतं तर तुझ्या-माझ्यापर्यंत काय आलं असतं?” मी मान डोलवायचो. नीलांबरीकाकू मात्र या वेळी बहुतेक आत निघून जायच्या.

मग लॉकडाऊन आलं. गुरुजींची भाची जान्हवी बेंगळुरूला असते. तिनं त्या श्रावणात नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरवलं, पण सत्यनारायण सांगायला मराठी गुरुजी मिळेना. मामानं फोनवर पूजा सांगायचा प्रयत्न केला, तर ऐन मंत्रात रेंज जायची. म्हणून गुरुजींनी सगळी पूजा पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या आवाजात रेकॉर्ड केली. आता गणपतीवर अक्षता वाहा, आता कलशाला गंध लावा, असं सावकाश थांबत थांबत. पाचही अध्याय, आरती, सगळं. सुरुवातीला आपलं नाव आणि गाव सांगितलं. मध्येच पंख्याचा आवाज येतोय असं वाटून ते म्हणाले, “पंखा बंद करा बरं जरा,” आणि पुढं चालू लागले. भाचीची पूजा छान पार पडली. तिनं ती फाइल नवऱ्याच्या चुलतभावाला पाठवली. त्यानं कुणाला पाठवली ते त्याला तरी आठवत असेल का, कोण जाणे.

यानंतर काही वर्षं गेली. माघ महिन्यात गुरुजी नांदेडहून एका बारशाचं काम आटोपून येत होते. वारंगा फाट्याला उतरले, कारण तिथला चहा त्यांना आवडतो. फाट्यावर गाड्यांचे हॉर्न, फळवाल्यांच्या आरोळ्या, आणि त्या सगळ्या गलक्यातून त्यांना कुणीतरी मंत्र म्हणत असलेलं ऐकू आलं. आवाज ओळखीचा वाटला. चार पावलं पुढं गेल्यावर लक्षात आलं, की तो आपलाच आहे.

रस्त्याच्या कडेला एक नवं हॉटेल उभं राहिलं होतं. दाराला आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. जवळच्या तांड्यावरच्या रूपसिंग राठोडांचं ते हॉटेल. रूपसिंग पूर्वी ट्रक चालवायचे. देशभरच्या ढाब्यांवर जेवून झाल्यावर त्यांनी स्वतःचा ढाबा टाकायचं ठरवलं होतं. आत चौरंगापुढं रूपसिंग आणि त्यांच्या पत्नी जिवनबाई सोवळ्यात बसलेले, मागं सगळा तांडा, आणि टेबलावरच्या स्पीकरमधून पूजा चाललेली.

गुरुजी दारातच उभे राहिले. त्यांना गंमत वाटत होती. आपला उच्चार किती स्वच्छ आहे, हेही पहिल्यांदाच इतक्या लांबून कळत होतं. तेवढ्यात स्पीकरमधून “पंखा बंद करा बरं जरा” असं ऐकू आलं, आणि एका बाईनं उठून अगदी भक्तिभावानं पंखा बंद केला. माघातल्या थंडीत पंखा मुळात चालू का होता, हे गुरुजींना समजेना. शेजारच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की बंद करायचा असतोय म्हणून जिवनबाईंनी सकाळीच लावून ठेवला होता. या पूजेत तसा विधी आहे. गुरुजींना हसू आवरायला उपरणं तोंडाशी धरावं लागलं.

हसू गेलं ते थोड्या वेळानं. स्पीकर चाचपडून कुणीतरी पूजा चुकून पुन्हा सुरुवातीपासून लावली, आणि संकल्प ऐकू आला. संकल्प म्हणजे ही पूजा कोण, कुठं आणि कोणत्या दिवशी करतो आहे, ते हातावर पाणी घेऊन देवाला सांगणं. स्पीकरमधले गुरुजी देवाला सांगत होते, की शार्वरी नावाच्या संवत्सरात, श्रावण महिन्यात, बेंगळुरू नगरात, वत्स गोत्रात जन्मलेला जान्हवीचा नवरा ही पूजा करत आहे.

आता मात्र गुरुजींच्यानं राहवेना. ते पुढं झाले, रूपसिंगला हात जोडले आणि हळू आवाजात सांगितलं, की हा आवाज माझा आहे, आणि यात नाव माझ्या भाचीच्या नवऱ्याचं आहे.

रूपसिंगला पटायला थोडा वेळ लागला. पटल्यावर त्यांनी विचारलं, “म्हंजी गुरुजी, आमी इथं सकाळधरनं उपाशी बसलो आन् पुण्य बेंगळुरूला जाऊन राहिलं?”

“तसंच म्हणायचं.”

“कवापासून?”

गुरुजींनी सांगितलं, की लॉकडाऊनपासून. मागून कुणीतरी म्हणालं, की आपल्या तांड्यावर बाबूसिंगच्या वास्तूलाही हेच लावलं होतं, आणि थावराच्या दुकानालाही. सगळे हिशेब करून बघू लागले, की बेंगळुरूच्या त्या माणसाचं आजवर किती भलं झालं असेल. रूपसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसले. म्हणाले, “त्या जावईबापूला एकदा जेवायला पाठवा इकडं. आमच्या पुण्यावर जगून राहिला तो.”

गुरुजींनी पाय धुतले, स्पीकर बंद केला आणि पूजा पहिल्यापासून सांगितली. या वेळी वारंगा फाटा, माघ महिना, रूपसिंग आणि जिवनबाई, हे सगळं देवाला नीट कळवलं. जिवनबाईंनी मध्ये एकदा पंख्याकडं बघून खूण केली. गुरुजींनी मानेनंच नको म्हटलं. शिरा उत्तम झाला होता. त्या दुपारी गुरुजी इतके आनंदात होते, की कुणालाही वाटलं असतं गोष्ट इथंच संपली.

निघताना त्यांनी सहज विचारलं, की ही पूजा तुमच्याकडं आली कुठून. रूपसिंग म्हणाले, बाळापूरच्या स्वानंद गुरुजींनी मोबाईलवर पाठवली. त्यांना आज लग्नं होती. आणि रूपसिंगनी ती सुरुवातीपासून परत ऐकवली. मघाच्या हसण्याच्या गडबडीत गुरुजींच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या वाक्यात जिथं ‘मी उद्धव पांगरेकर, कळमनुरी’ असं असायला हवं होतं, तिथं एक कोवळा आवाज म्हणत होता, ‘स्वानंद गुरुजी, आखाडा बाळापूर, यांच्यातर्फे.’

कळमनुरीकडं येताना बाळापूर वाटेतच लागतं. गुरुजी तिथं उतरले.

स्वानंद लग्नं आटोपून घरी आला होता. तो काही परका नव्हता. पौरोहित्य शिकायला तो दोन वर्षं गुरुजींच्या घरी राहिला होता. काकूंनी त्याला आपल्या हातची भाकरी खाऊ घातली होती. गुरुजींना दारात बघून तो चपापला, पाया पडला, पाणी आणलं. गुरुजींनी फार आढेवेढे न घेता विचारलं, की माझं नाव का काढलं.

स्वानंद खाली बघत म्हणाला, “काका, लोकं विचारायचे की हे कळमनुरीचे गुरुजी कोण, त्यांनाच बोलावतो. माझी कामं जाऊन राहिली होती.”

“मग मला विचारायचं तरी. मी न्हाई म्हणालो असतो काय?”

“तुम्हीच म्हणायचे ना, की ज्ञान अडवून ठेवायचं नसतं. मला वाटलं, तुम्हाला चालेल.”

तो उलटून बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. पोरगं रागानं बोललं असतं तर त्याला झापता आलं असतं. शिवाय त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर कुणाची तरी पत्रिका अर्धी झालेली होती. ते सॉफ्टवेअर त्याला कुणी दिलं होतं हे दोघांनाही माहीत होतं. गुरुजी पाणी पिऊन उठले.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. दक्षिणा गेली त्याचं काही नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लोक माझ्या आवाजात पूजा करतात, याचा मला आनंदच आहे. पण एकानं तरी विचारायला नको? विचारलं असतं तर दिलंच असतं की.

काकू भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “आपण विचारलं होतं?”

गुरुजींना आधी कळलं नाही कुणाला ते.

मग काकूंनी एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. मागं एकदा कॉम्प्युटर सुधारून आणल्यावर पत्रिकेतली सगळी मराठी अक्षरं जाऊन नुसते चौकोन यायला लागले होते. उद्या सकाळी मुलाकडची माणसं पत्रिका न्यायला येणार होती. काकूंनी सॉफ्टवेअरमध्येच ‘मदत’ म्हणून दिलेल्या नंबरवर फोन लावला होता. तिकडच्या माणसानं हे उघडा, ते बंद करा, आता काय दिसतंय ताई, असं करत करत सगळं नीट करून दिलं. अक्षरं परत आली तेव्हा तोच जास्त खूश झाला. शेवटी म्हणाला, तुमचं नाव सांगा, नोंद करून ठेवतो. “आणि मी फोन ठेवून दिला,” काकू म्हणाल्या. “इतक्या चांगल्या बोलणाऱ्या माणसावर मी कधी फोन ठेवला नव्हता. त्या दिवसापासून ते चालू करताना मला धडधडतं.”

म्हणजे गुरुजी ज्ञानाबद्दल बोलायला लागले की काकू आत का जायच्या, हे गुरुजींना तेव्हा कळलं. तो सगळा वेळ त्यांना वाटायचं, हिला स्वयंपाकाची घाई असते.

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाल्यावर त्यांनी त्याच नंबरवर फोन केला. पलीकडून अनिरुद्ध नावाचे गृहस्थ बोलले, आवाज कोल्हापूरकडचा. गुरुजींनी गाव सांगितल्याबरोबर ते म्हणाले, “कळमनुरी? तुमच्या भागातून मला सगळ्यात जास्त फोन येतात आणि सगळ्यात कमी गिऱ्हाईक आहे. मला वाटायचं, मराठवाड्यातली माणसं फार बोलकी असतील.”

गुरुजींनी ओट्यावर ठरवून ठेवलेलं लांबलचक बोलणं होतं. त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही. ते एवढंच म्हणाले, “ते मीच वाटलं. पेन ड्राइव्हमध्ये घालून. पुसदपर्यंत.”

 अनिरुद्धांनी विचारलं, “पत्रिका बरोबर येतात ना?”

येतात, एकदम बराबर येतात, असं गुरुजींनी सांगितलं. मग बोलणं मोकळं झालं. अनिरुद्धांचे वडील जोतिषी होते. म्हातारपणी त्यांना आकडे दिसेनासे झाले, म्हणून मुलानं कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यांच्यासाठी हे तयार केलं होतं. वडील शेजारी बसून चुका सांगायचे. ते गेल्यावर मुलानं ते विकायला काढलं आणि पहिल्या पडद्यावर वडिलांचा फोटो लावला.

गुरुजी म्हणाले, “आमच्याकडं फोटो येत न्हाई.”

“कुलूप तोडणाऱ्यानं काढलाय तो. तिथं आता त्याचं स्वतःचं काहीतरी टोपणनाव येतं. लोक फुकट नेतात, त्याचा मी हल्ली विचार करत नाही गुरुजी. त्यांच्याही अडचणी असतील. बाबांचा फोटो काढला, ते मात्र मला अजून आवडलेलं नाही.”

गुरुजींना आदल्या दिवशी बाळापुरात बसल्यासारखं झालं, पण या वेळी ते स्वानंदच्या खुर्चीत होते. त्यांनी रीतसर प्रत घ्यायची म्हणून सांगितलं. दोन दिवसांत काकूंनी ती बसवली. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर काळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ जाड चष्म्यातून बघत होते. काकूंनी आधी पदर सारखा केला, मग नमस्कार केला. मला मुद्दाम हाक मारून तो फोटो दाखवला.

इतर गुरुजींना सांगणं याहून अवघड गेलं. महादेवाच्या देवळात गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. अनिरुद्धांनी एकत्र घेणाऱ्यांना सवलत देऊ केली होती, तेही सांगितलं. काहींनी लगेच मान डोलावली. काहींनी ग्रह कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत, असं विचारलं. गुरुजींना आपलंच वाक्य ओळखू आलं. मग ते म्हणाले, की ग्रह कुणाचेच नाहीत, पण ते कागदावर आणायला एक माणूस रोज कारखान्यातून येऊन बसत होता. डोंगरकड्याचे एक वयस्कर गुरुजी रागावले. शाल आमच्याकडून घेतली तेव्हा हे कुठं होतं, असं म्हणून ते उठून गेले आणि आजही जुनंच वापरतात. गुरुजी त्यांच्याशी भांडले नाहीत. ‘मीच लावलेली सवय आहे, मीच काय बोलू’ असं मला म्हणाले.

स्वानंद त्या बैठकीला आला होता, पण कोपऱ्यात बसून सगळं ऐकून गेला. आठवड्याभरानं रूपसिंगच्या कुणा पाहुण्याकडून गुरुजींच्या मोबाईलवर तीच पूजा फिरत फिरत आली. सुरुवातीला स्वानंदचा आवाज होता: ‘पूजा सांगत आहेत माझे गुरू, कळमनुरीचे उद्धव पांगरेकर.’ पुढं ‘सौजन्य’ म्हणून आपलं नाव आणि फोन नंबर घालायलाही तो विसरला नव्हता. गुरुजींनी ते मला तीनदा ऐकवलं. शेवटी त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून पूजा नव्यानं रेकॉर्ड केली. संकल्पाच्या जागी आता थोडी शांतता आहे. तिथं यजमानानं आपलं नाव, गाव आणि गोत्र आपल्या तोंडानं सांगायचं असतं.

अनिरुद्धांशी मैत्री जमली. यंदा ते बायकोला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आले, तेव्हा दोन दिवस गुरुजींकडंच उतरले. काकूंनी पुरणपोळी केली, रूपसिंगकडं जेवण झालं, आणि पुसदहून ज्यांनी प्रत घेतली होती ते गुरुजी खास भेटायला आले.

त्याच मुक्कामात अनिरुद्ध गुरुजींच्या कॉम्प्युटरवर काहीतरी नवं बसवून देत होते. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या पुसट अक्षरांकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, की पत्रिकेचं झालं, पण हा कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते मुळातलं सॉफ्टवेअरही तुमचं विनापरवान्याचंच दिसतंय.

गुरुजी सावध झाले. म्हणाले, “ती तर परदेशातली केवढी मोठी कंपनी आहे. तिला आमच्या पैशावाचून काय तकलीफ होऊन राहिली? तिथं कुणाच्या वडिलांचा फोटोबी नसंल.”

अनिरुद्ध हसले. काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवत त्यांनी विचारलं, की त्या कंपनीला फोन लावता येतो का.

गुरुजींनी कोपऱ्यातल्या त्या अक्षरांकडं पाहिलं. मग म्हणाले, त्याच्यावर विचार करून राहिलो आहे, आणि चहा गार व्हायच्या आत घ्या.